मालवणचा मोसम, सायखेड्याची सवड

सायखेड्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा चौकोन सहसा कोरा राहत नाही. छाटणीची तारीख, पेस्ट लावल्याचा दिवस, कोणते औषध किती पाण्यात मारले, गाय कधी भरवली, डेअरीवर किती लिटर दूध गेले, सगळे त्यातच बारीक अक्षरात लिहिलेले असते. मालवणला चार दिवस जायचे तर ते चार दिवसही याच चौकोनांतून शोधून काढावे लागतात. यातली कितीतरी पाने कालनिर्णयची असतात, आणि १९७३ साली कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगावकर जन्माने मालवणचेच. तिथी, भरती-ओहोटी आणि सण यांची सांगड रोजच घालावी लागते अशा बंदरगावातल्या माणसाने महाराष्ट्राच्या भिंतींवर वर्ष मांडून ठेवले, हा योग मोठा सुंदर आहे.

मालवणला कोणत्या महिन्यात जावे याचे छापील उत्तर सोपे आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, समुद्र शांत, पाणी नितळ, होड्या चालू. ठरावीक रजा मिळणाऱ्या नोकरदाराला हे उत्तर पुरते. सायखेड्याला ते पुरत नाही, कारण नेमक्या त्याच चार महिन्यांत बाग सर्वांत नाजूक असते. बागेतून सवड मिळते ती निराळ्याच महिन्यांत, आणि त्या महिन्यांतले मालवण निराळे असते. त्यामुळे या गावातून आखलेल्या सहलीला मालवणची अशी रूपे दिसतात, जी डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्यांच्या वाट्याला कधी येत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्याच्या गोदाकाठात सायखेडा वसले आहे. पलीकडे चांदोरी, खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. त्र्यंबकेश्वरला जिथे ही गंगा उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास आहे. पण ती त्याच्याकडे पाठ करून निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सायखेड्याच्या पुलाखालून गेलेले पाणी मालवणच्या समुद्रात कधी पोचत नाही.

तरीही अरबी समुद्राची खबर इथे रोज घेतली जाते. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, एवढे वाक्य कानावर पडले की सायखेड्यातला माणूस आधी आभाळाकडे पाहतो आणि मग औषधाच्या टाकीकडे वळतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार नावाचे चक्रीवादळ कोकणापासून दूर समुद्रातच फिरले. त्याच्या लाटा मालवण-देवगडच्या किनारी वस्त्यांत घुसल्या. त्या दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यात पाऊस थांबेना. छाटलेल्या बागांत कोवळे घड कुजले, गळाले, पानांवर डाऊनी हा बुरशीचा रोग पसरला. ज्या समुद्राच्या बातमीवर फवारणी ठरते, तो समुद्र पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. मालवणचा बेत आखताना ही जुनी, न पाहता झालेली ओळखही बरोबर असते.

बागेचे वर्ष एप्रिलपासून धरतात. शेवटचा माल निघाला की वेलीला थोडा विसावा देऊन खरड छाटणी करतात. हिरवा मांडव दोन दिवसांत उघडा पडतो, तारा आणि खोडे तेवढी दिसतात. मग फुटवे येतात, त्यांची विरळणी होते, शेंडे मारले जातात आणि काडी तयार होऊ लागते. पुढच्या हंगामात लागणारा घड या काडीच्या डोळ्यात मे-जूनमध्येच, डोळ्यांना न दिसता, धरला जातो. त्यासाठी लख्ख ऊन लागते. एप्रिल-मे हेच उन्हाळ कांदा काढण्याचे, पात कापण्याचे आणि चाळीत भरण्याचे दिवस. कांदा चाळीत गेला, विरळणी उरकली, लग्नसराईचे दिवस संपत आले आणि पावसाच्या आधीची मशागत अजून सुरू झाली नाही, की मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा दिवसांची फट पडते. मुलांच्या शाळेला सुट्टी असते. सायखेड्याचा मालवणचा मोसम तो हाच.

ही फट अरुंद आहे आणि अलीकडे ती आणखी बेभरवशाची झाली आहे. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. २०२५ साली तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला. त्याआधीचा जवळजवळ सगळा मे महिना अवकाळी पावसाने भिजवला होता. नाशिक जिल्ह्यात शेतात काढून ठेवलेला कांदा झाकायला ताडपत्र्या पुरल्या नाहीत. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेले आणि मालवण-देवगडमधली झाडे, छपरे, होड्या मोडून गेले. मे महिन्याचा बेत ठरवणाऱ्याने हे दोन्ही प्रसंग ध्यानात ठेवून मन थोडे सैल ठेवावे. पर्यटकांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ दरवर्षी साधारण २५ मेनंतर बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. म्हणजे समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा तर मेचा शेवटचा आठवडा धरून चालत नाही.

मेमध्ये गेलेल्याला मालवण उकडते. निफाडचा मे चाळिशीला टेकतो, मालवणात पारा त्यापेक्षा बराच खाली असतो, पण हवेत पाणी इतके असते की घाम अंगावर तसाच राहतो. घाटावरच्या कोरड्या झळांची सवय असलेल्या माणसाला हा उकाडा पहिल्या दिवशी असह्य होतो. तिथल्या हवेला स्वतःचे वेळापत्रक आहे. दुपारी उशिरा खारे वारे समुद्राकडून सुटतात आणि संध्याकाळ सुसह्य करतात. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात आणि तेवढ्या वेळात गारवा भेटतो. सकाळी लवकर बाहेर पडावे, दुपार माडाच्या सावलीत काढावी, चारनंतर पुन्हा निघावे. भर उन्हात शेतावर राबणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

या उकाड्याच्या बदल्यात मे जे देतो ते दुसरा कोणताही महिना देत नाही. कलमांवर हापूसचा शेवटचा बहर असतो, अढीत आंबे पिकत असतात, फणस फुटलेले असतात, कुंपणाकडेला करवंदे आणि रानात जांभळे असतात. कोकमाची फळे फोडून, साले मीठ-रसात भिजवून आमसुलांसाठी उन्हात ठेवलेली असतात. काजूच्या बियांचा हंगाम सरत आलेला असतो. देवगड तालुका मालवणला लागूनच आहे, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून पेटीवरच्या नावाची चर्चा सगळीकडे चालते. सायखेड्याचा बागायतदार आंब्याच्या बागेत शिरला की पाहुणा राहत नाही. मोहोर किती टिकला, तुडतुडा आला का, फवारण्या किती झाल्या, पेटी काय भावाने गेली, हे सगळे तो विचारतो आणि समोरचाही मोकळेपणाने सांगतो. आंब्याला मोहोर येतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, आणि त्याचे नुकसान होते तेही अवकाळी पावसाने. दोन पिकांत सहाशे किलोमीटरचे अंतर आहे, पण भीती एकच आहे.

अंतर मोठे आहे हे खरेच. सिन्नर, संगमनेर, पुणे, सातारा, कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळचा घाट उतरून वैभववाडी, कणकवली, कसाल आणि मालवण. एका दमात हा प्रवास करू नये. कोल्हापूरला मुक्काम करून अंबाबाईचे दर्शन घ्यावे आणि सकाळी घाट उतरावा. घाटमाथ्यापर्यंत हवा आपली असते. घाट उतरताना चार-दोन वळणांत झाडी दाट होते, माती लाल होते, कपडे अंगाला चिकटू लागतात. रेल्वेने जायचे तर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते, पण मेचे आरक्षण फार आधी करावे लागते.

घरातले कोण जाणार हा प्रश्न तारखेइतकाच अवघड असतो. गोठ्यात दोन संकरित गाई असल्या की सकाळ-संध्याकाळच्या धारा चुकत नाहीत. भावकीतल्या कोणी तेवढे दिवस धारा काढायचे कबूल केले तरच सगळे घर एकदम हलते. नाहीतर बहुतेक वेळा मागे राहते ती घरातली बाईच, आणि ती मागे राहते म्हणून इतरांची सहल होते. हे बदलावे. आधी एकीची, पुढच्या वर्षी दुसरीची पाळी, असे जावाजावांनी ठरवून घेतलेली घरे गोदाकाठात आहेत, आणि सहलीचा खरा आराखडा तिथे तारखेच्या आधी घडतो. छाटणी-विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांना तर या फटीतही सवड नसते. बागेतले काम संपले की त्यांना आपल्या भाताच्या तयारीला परतायचे असते. त्यांच्या डोंगरातले पाणी मात्र नार, पार, दमणगंगा या नद्यांतून अरबी समुद्रालाच जाऊन मिळते.

महिना ठरला की तिथी पाहावी. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी खूप वर चढते आणि खूप आत जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचा चढउतार कमी. याचा सहलीशी थेट संबंध आहे. पौर्णिमेच्या आसपास गेले तर पहाटे आणि सूर्यास्ताला ओहोटी मिळते, वाळू रुंद आणि टणक असते, म्हाताऱ्या माणसांनाही लांबवर चालता येते. अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी किनाऱ्याशी आलेले असते. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडावर पायी जायचे तर उधाणाची ओहोटी गाठावी लागते आणि पाणी परतायच्या आत माघारी यावे लागते. माळकरी घरांत एकादशी वाटेत येऊ नये असाही विचार होतो, तोही याच पानावर जमून जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गंगेत पोहून मोठी झालेली मुले समुद्राला भीत नाहीत, आणि तीच धोक्याची जागा आहे. नदीची ओढ एका दिशेने असते आणि पोहणारा ती कडेने ओळखतो. समुद्र परतीच्या लाटेबरोबर आत खेचतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण बुडाले. ओहोटी सुरू असताना कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने नको म्हटले की पुन्हा विचारू नये.

जूनमध्ये दोन्ही गावांची दारे आपापल्या परीने बंद होतात. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, निफाडकडे जेमतेम ५०० च्या आसपास. तिकडे मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, समुद्र गढूळ आणि उंच होतो. इकडे सोयाबीन, मका, टोमॅटोची लागवड निघते. याच दिवसांत कोणी गेलेच तर समुद्र दुरून पाहायचा असतो, आणि जायचे ते भाताच्या लावणीसाठी, कुर्ल्यांसाठी, टाकळा-कुर्डूच्या भाज्यांसाठी, आंबोलीच्या धुक्यासाठी. घाटात दरडी येतात, वीज जाते. लहान मुले बरोबर असलेल्यांनी हा मोसम टाळलेला बरा.

ऑगस्टचा बेत तर सायखेड्यातल्या कोणी आधी सांगत नाही. नाशिकला पावसाने जोर धरला, गंगापूर धरणातून पाणी सोडले, की काही तासांत ते सायखेडा-चांदोरीला येते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाजारपेठेत पाणी शिरले, पुलाचा मार्ग बंद झाला, दुकानदारांनी माल रातोरात माळ्यावर चढवला. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा खाली असल्याने फुगवटा इथे रेंगाळतो आणि पाणी उतरायला वेळ घेते. अशा दिवसांत घर सोडून कोणी जात नाही. एरवी नारळी पौर्णिमा हा मालवणचा सर्वांत देखणा दिवस आहे. शिवकाळापासूनची मानली जाणारी प्रथा पाळून सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मग बंदरावर सगळे गाव लोटते. नारळ लढवण्याचे डाव रंगतात, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने आपल्या नारळाने तो फोडायचा. त्या दिवसानंतर मच्छीमार समुद्र उघडला असे मानतात. ज्यांच्या घराला पुराचा धोका नाही, बागही नाही, अशा शिक्षकांनी, व्यापाऱ्यांनी एकदा तरी हा दिवस मालवणात काढावा.

गणपतीत मालवण चाकरमान्यांचे असते. गाड्या भरून येतात, प्रत्येक घर आपल्या माणसांनी भरते आणि बाहेरच्या पाहुण्यासाठी कोणालाही फुरसत नसते. अनंत चतुर्दशी झाली, मुंबईकर परतले, की पितृपक्षाचा शांत पंधरवडा येतो. इथे सायखेड्याला वर्षातली दुसरी फट मिळते, आणि ती फारशी कोणी वापरत नाही. काडी पक्व झालेली असते, फळासाठीच्या गोडी छाटणीला अजून आठ-पंधरा दिवस असतात, पाऊस ओसरत आलेला असतो. होड्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झालेल्या असतात, पण खोल्या रिकाम्या असतात आणि दरही उतरलेले असतात. पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत म्हणून प्रवासही नको असे अनेक घरे मानतात. ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्यासाठी हाच पंधरवडा सर्वांत चांगला आहे. सड्यांवर बारीक रानफुलांचे गालिचे असतात, भात लोंबीला आलेले असते, एखादी सर येते आणि उघडते. पाणी अजून नितळ झालेले नसते. पाण्याखालची दुनिया पाहायची हौस असेल तर निराशा होईल; गाव, किल्ला आणि खाडी पाहायची असेल तर यासारखे दिवस नाहीत.

किल्ल्याला निवांत वेळ द्यावा तो याच दिवसांत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली, बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले. होडी तटाशी येईपर्यंत महादरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो दडवलेला आहे. आत श्रीशिवराजेश्वराचे मंदिर, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पाण्यासाठी बोअरवर बोअर घेऊन थकलेल्या गावातला माणूस या विहिरींच्या काठावर बराच वेळ उभा राहतो.

ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू होते आणि त्यानंतरचे शंभर-सव्वाशे दिवस बाग माणसाला सोडत नाही. पोंगा, फुलोरा या अवस्था, डिपिंग, थिनिंग ही कामे. रोज सकाळी पान उलटून पाहायचे आणि रात्री उद्याचे आभाळ विचारायचे. दिवाळीच्या पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते, शहराला वळसा घालते, दिव्यांच्या रांगांतून रात्री परतते. शाळांना सुट्टी असते, तरी बागायतदाराला ही पालखी पाहता येत नाही.

डिसेंबर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एक आकडी होतो आणि निफाडच्या थंडीची बातमी राज्यभर जाते. ही थंडी द्राक्षाला सोसत नाही. मण्यांची फुगवण थांबते, पाणी भरलेल्या मालाला तडे जातात. पहाटे तीनला उठून ठिबक सोडतात, बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर धरतात. त्याच पहाटे मालवणात साधी शाल पुरते. समुद्र आरशासारखा असतो, तारकर्लीला पाण्याखालचे प्रवाळ आणि मासे दिसतात, किनाऱ्यावर रापणीचे दोर ओढले जातात. रापण ही सगळ्या वाडीची मासेमारी: होडी अर्धवर्तुळात जाळे टाकत परतते, दोन टोकांचे दोर दोन रांगा ओढत जातात, आणि जाळे वाळूवर आले की बांगडा, तारली चमकत बाहेर येतात. मग वाटे पडतात. गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतार रंगतो, संकासुर येतो, पेटीचे सूर आणि मृदुंग पहाटेपर्यंत चालतात.

हे मालवण सायखेड्याने पाहिलेच नाही असे मात्र नाही. ते पाहतात मुले. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीतच निघतात. एसटी महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते, आणि गोदाकाठातल्या शाळांच्या लाल गाड्या कोल्हापूर, गणपतीपुळे, मालवण करत फिरतात. डब्यात चिवडा-लाडू, खिशात मोजके पैसे, परतताना आल्याच्या पाकातला मालवणी खाजा. मुलगी सांगते की समुद्राचा तळ दिसतो. मेमध्ये जाऊन आलेल्या आई-वडिलांना तो कधी दिसलेला नसतो. ती सांगते की रात्री गार वारा असतो. त्यांना आठवतो तो उकाडा आणि आंब्याचा वास. एका घरात एकाच गावाच्या दोन आठवणी राहतात आणि जेवताना त्यांची भर एकमेकींत पडत जाते. आजोबा त्यात काळ्या वाटाण्याच्या आमटीची आणि आंबोळीची आठवण घालतात, कारण माळकरी माणसाला मालवणात काय खायचे ही काळजी घेऊन ते गेले होते आणि पोटभर जेवून आले होते.

याच थंडीत सायखेड्याकडे उलटी वाट सुरू असते. २०२० साली रामसर यादीत आलेले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे उत्तरेकडून पक्ष्यांचे थवे येतात, आणि त्यांच्या मागोमाग दुर्बिणी घेतलेली शहरी माणसे. त्यांचा गोदाकाठचा मोसम हा. बागेत औषध मारणारा माणूस ट्रॅक्टर थांबवून त्यांना चापडगावचा रस्ता दाखवतो.

फेब्रुवारीत गोडी उतरते. व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, भाव ठरतो, कात्र्या चालू होतात, क्रेट भरतात. तिकडे मसुऱ्याजवळ आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगात बांधलेली नाही, देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरते, म्हणून कोणालाच फार आधी बेत आखता येत नाही. मार्चमध्ये उरलासुरला माल निघतो, गारपिटीची धास्ती संपत येते आणि व्यापाऱ्याचा चेक वटतो. तेव्हा कुठे घरात पुन्हा मालवणचा विषय निघतो. पौर्णिमा कधी, मुलांची परीक्षा कधी संपते, चुलत्याच्या घरचे लग्न कोणत्या तारखेला, धारा कोण काढणार, यंदा कोणती जाऊ जाणार. मालवणात चिवला किनाऱ्याच्या बाजूला एखादे घरगुती निवासस्थान माहीत असते, तिथे फोन जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या दोन खोल्या धरून ठेवायला सांगतात, जमल्यास सप्टेंबरचीही चौकशी करतात, आणि आगाऊ रक्कम कांदा चाळीत गेल्यावर पाठवू असे कळवतात.